स्थिर पठाराची गोष्ट

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हादरली. धक्क्याचे परिमाण ४.५ होते. दहा-अकरा मिनिटांनी ३.६ परिमाणाचा दुसरा धक्का बसला. मोठी हानी झाली नाही, पण माणसे घराबाहेर आली आणि बराच वेळ आत गेली नाहीत. त्यानंतर काही दिवसांनी नांदेडला शिक्षकांशी गप्पा मारण्याचा योग आला. सातवी-आठवीला भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला विचारले, "मी फळ्यावर जगाचा नकाशा काढते, भूपट्टांच्या सीमा लाल खडूने दाखवते आणि भूकंप या रेघांवर होतात असे सांगते. मुले विचारतात, बाई, आपण तर रेघेपासून किती लांब आहोत, मग किल्लारी कशी झाली? सर, मी काय सांगायचे?"

प्रश्न मुलांचा असला तरी तो शास्त्रज्ञांनाही पडला होता. आमच्या मते त्याचे उत्तर 'स्थिर' या एका शब्दाच्या इतिहासात आहे.

१९९३ साली आम्ही नांदेडला सातवीत होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून माणसे उशिरा येऊन झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या घरातील फळीवरची भांडी वाजली. वडिलांनी सगळ्यांना अंगणात काढले. थोड्या वेळाने आम्ही पुन्हा झोपलोही. किल्लारी आणि सास्तूर ही नावे कानावर आली ती दिवस उजाडल्यावर, आकाशवाणीवरून. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांमधली ५२ गावे जवळजवळ जमीनदोस्त झाली. सुमारे ८,००० माणसे दगावली. शाळा पुन्हा भरली तेव्हा आमच्या सरांनी भूगोलाचे पुस्तक उघडले, दख्खनचे पठार हा प्राचीन व स्थिर भूभाग आहे अशा अर्थाचे वाक्य वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. पुढे काय बोलावे हे त्यांना सुचले नाही.

त्या वाक्यात सरांची चूक नव्हती. भूवैज्ञानिक 'स्थिर' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक ठराविक अर्थ असतो. ज्या भूभागात कोट्यवधी वर्षांत पर्वत घडलेले नाहीत, खडकांना मोठ्या घड्या पडलेल्या नाहीत, तो स्थिर. ऐकणारा मात्र दोन वेगळेच अर्थ काढतो: हा भूभाग जागचा हलत नाही, आणि तो हादरत नाही. गंमत अशी की यातला पहिला अर्थ खोटा ठरवण्यात दख्खनच्याच काळ्या दगडाचा मोठा वाटा आहे. आधी ती हकीकत पाहू.

भूखंड सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. त्याचे पुस्तक १९१५ साली आले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात हे तर शाळकरी मुलालाही दिसते. वेगेनरचा भर त्यापेक्षा पुराव्यांच्या मेळावर होता. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका येथे एकाच प्रकारच्या वनस्पतींचे जीवाश्म आणि प्राचीन हिमनद्यांच्या खुणा सापडतात. या एकत्रित दक्षिण खंडाला आपण गोंडवन म्हणतो. ते नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. आपल्या किनवट-माहूरकडच्या गोंड मुलांना हे आवर्जून सांगावे. जगातला प्रत्येक भूवैज्ञानिक त्यांच्या समाजाचे नाव रोज घेतो.

वेगेनरचे म्हणणे बहुतेकांना पटले नाही. एवढे मोठे खंड ढकलणारे बळ कोणते, याचे समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हते. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फावर त्याचा मृत्यू झाला आणि त्याची कल्पना जवळजवळ अडगळीत पडली. ती बाहेर आली एका फसलेल्या प्रयोगामुळे.

नोबेल पारितोषिक विजेते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांना वाटत होते की कोणतीही जड वस्तू फिरू लागली की तिच्यात आपोआप चुंबकत्व निर्माण होत असावे, आणि पृथ्वीचे चुंबकत्व असेच आलेले असावे. हे तपासण्यासाठी त्यांनी सोन्याचे एक नळकांडे उसने मिळवले आणि अत्यंत सूक्ष्म चुंबकत्व मोजणारे उपकरण बांधले. १९५२ पर्यंत निकाल लागला: कल्पना चुकीची होती. उपकरण मात्र उत्तम होते. ब्लॅकेट यांनी ते खडकांकडे वळवले. त्यांच्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टचे नमुने तपासून १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. होमी भाभांशी ब्लॅकेट यांचा स्नेह होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या विषयाचे काम सुरू झाले आणि १९५९ साली डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या बेसाल्टवरील निबंध आला.

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्व्हिंग हा विद्यार्थी याच दिशेने चालला होता. त्यानेही भारतातून खडक मागवले आणि भारत हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला आहे असे अनुमान काढले. १९५४ साली त्याचा प्रबंध परीक्षकांनी नाकारला. पुढे तो या शास्त्राच्या अग्रणींपैकी एक झाला. नापास झालेल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, अर्थात जपून सांगावी.

दगडात असे काय होते? बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवत साधारण ५८० अंश सेल्सियसच्या खाली आला की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. मोकळी टांगलेली चुंबकसूची फक्त उत्तर दाखवत नाही, तर ती जमिनीकडे कलतेही. विषुववृत्तावर ती आडवी असते, ध्रुवावर उभी. मधल्या अक्षांशांसाठी नियम सोपा आहे: कलाच्या कोनाचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो. नववी-दहावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. लातूर सुमारे १८ अंश उत्तरेला आहे. १८ अंशांचा टॅन ०.३२५, त्याची दुप्पट ०.६५, म्हणजे कल ३३ अंशांच्या आसपास आणि सूचीचे उत्तर टोक खाली. दख्खनच्या खडकात गोठलेला कल मात्र ४५ ते ५० अंशांच्या घरात निघतो आणि उत्तर टोक वर रोखलेले असते. कित्येक थरांत ही दिशा नेमकी उलटी सापडते, कारण ते थर साचले तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. ४८ अंश धरून मुलांनी उलटे गणित केले तर उत्तर येते २९ अंश, आणि टोक वर असल्यामुळे तो अक्षांश दक्षिणेचा.

थोडक्यात, औसा-निलंग्याच्या शिवारातला काळा दगड थिजला तेव्हा ती जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांवर होती. तिथून आजच्या १८ अंश उत्तरेपर्यंतचे अंतर ४८ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर सुमारे ५,३०० किलोमीटर. दख्खनच्या लाव्ह्याचे वय ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास आहे. भागाकार केला की सरासरी वेग वर्षाला ८ सेंटिमीटर निघतो. ही सरासरी आहे. सुरुवातीला भारताचा वेग याहून बराच जास्त होता आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर सुरू झाल्यावर तो मंदावला. आज तो वर्षाला ५ सेंटिमीटरच्या जवळपास आहे. म्हणजे १९९३ नंतरच्या ३० वर्षांत किल्लारी, लातूर, नांदेड सगळेच दीड मीटर सरकले आहे आणि कुणाच्या शेताचा बांध त्यामुळे मोडलेला नाही, कारण बांधही सोबत सरकला.

ढकलणारे बळ कोणते, हा वेगेनरचा राहिलेला प्रश्न समुद्राच्या तळाशी सुटू लागला. १९६२ साली 'ओवेन' या ब्रिटिश जहाजाने हिंदी महासागराच्या वायव्य भागातील कार्ल्सबर्ग या बुडालेल्या पर्वतरांगेचे चुंबकीय सर्वेक्षण केले. त्यावरून १९६३ साली फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी दाखवले की या रांगेशी नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना पसरत जातो. ही रांग आपल्या शेजारची आहे. अरबी समुद्र ओलांडून नैऋत्येकडे गेले की ती लागते. तिथल्या उंच, गरम तळाचा भार भारताच्या पट्टाला ईशान्येकडे रेटतो. दुसरीकडे सुमात्राच्या बाजूला हिंदी महासागराचा जुना, थंड आणि जड तळ खाली बुडतो आणि मागच्या भागाला ओढून घेतो. खालचे प्रावरणही संथपणे वाहत असते. ढकल, ओढ आणि प्रवाह यांच्या एकत्र परिणामाने सुमारे १०० किलोमीटर जाडीचे शिलावरणाचे तुकडे, म्हणजेच भूपट्ट, सरकत राहतात.

डिसेंबर १९६७ मध्ये मॅकेन्झी आणि पार्कर यांचा निबंध आला. पट्ट आतून ताठ असतात आणि सगळी हालचाल त्यांच्या अरुंद कडांवर होते, हा त्यातला गाभा. जगातले ९० टक्क्यांहून अधिक भूकंप कडांवर होतात, तेव्हा हे सूत्र चांगलेच लागू पडले. बाईंच्या फळ्यावरची लाल रेघ तिथून आली. पण त्याच महिन्यात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोणत्याही कडेपासून दूर असलेले कोयनानगर ६.३ परिमाणाच्या भूकंपाने हादरले आणि सुमारे १८० माणसे मेली. धरणाच्या पाण्याने चेतवलेला भूकंप म्हणून कोयना जगप्रसिद्ध झाली. त्यामुळे एक सोय झाली. कोयना हा अपवाद, आणि अपवादाला कारणही मिळालेले. उरलेल्या पठाराचे 'स्थिर' हे विशेषण शाबूत राहिले. देशाच्या १९७० च्या भूकंपप्रवणता नकाशात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

किल्लारीने काही इशारा दिला नव्हता असे नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून त्या परिसरात लहान धक्क्यांची रांग लागली. लोकांना शंभराहून अधिक धक्के जाणवले. १८ ऑक्टोबर १९९२ चा त्यातला सर्वांत मोठा. नंतर जमीन शांत झाली आणि जवळजवळ वर्षभराने तो मोठा भूकंप झाला. आता मागे वळून पाहताना तो इशारा वाटतो. पण अशा बहुतेक मालिका काही न घडता विरून जातात, हेही तितकेच खरे आहे, आणि कोणती विरणार व कोणती नाही हे सांगण्याची रीत आजही हाती नाही.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही वर्गात दाराचे उदाहरण देतो. पावसाळ्यात जुने लाकडी दार फुगते आणि चौकटीत अडते. आपण एका कडेला हात लावून रेटतो, दुसरी कडा चौकटीला अडलेली असते, आणि करकरते कुठे? मधेच, फळ्यांच्या जुन्या सांध्यात. भारताचा पट्ट ताठ आहे म्हणूनच कार्ल्सबर्गकडचा रेटा हिमालयापर्यंत पोचतो. तो हवेतून जात नाही, मराठवाड्याच्या खालच्या खडकातूनच जातो. त्या खडकात अब्जावधी वर्षांचे जुने सांधे, म्हणजे प्रस्तरभंग आहेत. ताण फार हळू साठतो, पण साठतो. किल्लारीला जो सांधा सुटला त्यात जमिनीचा एक भाग दुसऱ्यावर चढला, म्हणजे हालचाल दाबाखाली झालेली होती. हिमालयाकडून मागे येणाऱ्या दाबाशी हे जुळते. भूकंपाचे परिमाण ६.२ होते आणि नाभी दहा किलोमीटरपेक्षाही उथळ होती. तळणीच्या शेतात सुमारे एक किलोमीटर लांबीची उसळी वर आली. आम्ही विद्यार्थिदशेत ती पाहायला गेलो तेव्हा नांगरटीने ती जवळजवळ पुसली गेली होती. शेतकऱ्याने बोट दाखवले नसते तर आम्ही तिच्यावरून चालत पुढे गेलो असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल विवर खणले. वरचा बेसाल्ट ३३८ मीटरांवर संपला, त्याखाली गाळाचा पातळ थर लागला आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. म्हणजे आपण ज्याला पठार म्हणतो तो खऱ्या जमिनीवर अंथरलेला एक गालिचा आहे. जमिनीतले जुने तडे त्याखाली झाकले गेले, म्हणून ती तडेविरहित वाटली.

काही संशोधकांच्या मते हा प्रस्तरभंग नवा होता, आणि जवळच्या माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाचा त्यात हात असावा. इतरांनी खणलेल्या चरांत आणि विवरांत जुन्या हालचालींच्या खुणा दाखवल्या. आम्हाला दुसरी बाजू अधिक सबळ वाटते. किल्लारीपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या तेर या प्राचीन गावीही सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांना जमिनीच्या थरांत सुमारे १,५०० वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या म्हणता येतील अशा खुणा आढळल्या. 'येथे भूकंप होत नाहीत' या वाक्याचा खरा अर्थ 'येथे झालेला भूकंप कुणी लिहून ठेवलेला नाही' इतकाच होता. ताण साठायला हजारो वर्षे लागत असतील तर दोन-तीनशे वर्षांच्या नोंदी पाहून काय कळणार?

हे सगळे खरे असले तरी ८,००० माणसे पट्टामुळे मेली असे म्हणणे अपुरे आहे. ६.२ परिमाणाचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात. इथे माणसे मेली ती भिंतींखाली. ज्या दगडाने भारताच्या प्रवासाची साक्ष दिली त्याच दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-अडीच फूट रुंद भिंती. त्यात आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा, दोन्हींना बांधणारे आरपार लांब दगड क्वचितच. वर माळवद. गळू नये म्हणून त्यावर दर पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर टाकलेला, आजोबांच्या काळापासून. धक्का बसताच भिंतीचे दोन थर फाकले आणि ते सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. गावाबाहेरच्या कुडाच्या झोपड्यांत राहणारे बरेच जण वाचले. गावात सर्वांत भक्कम समजली जाणारी घरे सर्वांत घातक ठरली. हिमालयाकडच्या जुन्या घरांत दगडाच्या थरांमध्ये लाकडी तुळया घालण्याची पद्धत आहे. तिथे जमीन पुन्हापुन्हा हादरते, त्यामुळे बांधणाऱ्यांच्या हाताला ते ठाऊक झाले. आपल्या गवंड्यांना ते शिकवायला कुणी हादरा आलाच नव्हता.

२००२ साली नकाशा बदलला. पहिला विभाग रद्द झाला आणि लातूर-किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला. नांदेड दुसऱ्यात राहिले. पण नांदेड शहरातही २००६ ते २००८ या काळात लहान धक्क्यांची मालिका झाली. धक्के बारीक होते पण अतिशय उथळ, त्यामुळे जमिनीतून गडगडाट ऐकू येई आणि लोक रात्र रस्त्यावर काढत. हैदराबादच्या संस्थेने आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने त्यांचा अभ्यास केला. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीला असेच आवाज आले. मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर १० जुलै २०२४ रोजी हिंगोली भागात पुन्हा ४.५ परिमाणाचा धक्का बसला. यापुढे काय होईल हे आम्ही बाईंना सांगू शकलो नाही. फळ्यावरची लाल रेघ पुसू नका, एवढे सांगितले. फक्त रेघेच्या आतला भाग कोरा ठेवण्याऐवजी त्यात दोन्ही बाजूंनी आत येणारे बाण काढा, आणि शाळेच्या भिंती कशाच्या आहेत, वर्गाचे दार आत उघडते की बाहेर, हे मुलांनाच तपासायला लावा.

नांदेडच्या शाळांना आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. पूर्वेकडे देगलूर-बिलोलीला जाताना काळा दगड विरळ होत जातो आणि संपतो. पुढे करड्या-गुलाबी ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे दिसू लागतात. बेसाल्टचा गालिचा तिथे संपलेला असतो. किल्लारीला ज्याच्यासाठी ३३८ मीटर खाली जावे लागले, तो त्याच जातीचा प्राचीन खडक इथे उन्हात उघडा पडलेला आहे. त्यात जागोजागी जुने, पुन्हा सांधले गेलेले तडे आहेत, आणि सहावीतले मूलही त्यावरून बोट फिरवू शकते. एका दिवसाची सहल पुरते. सोबत होकायंत्र, मोजपट्टी आणि पाण्याच्या बाटल्या असाव्यात, आणि शक्यतो हिवाळ्यात जावे, उन्हाळ्यात तो दगड हात लावू देत नाही.